मागाच्या कारखान्यातलं होम थिएटर आणि नायनांच्या मांडीवरचा टॅब

टॅब घेऊन आता सात महिने झाले. ११ इंची, अँड्रॉइडचा, ८ जीबी रॅमचा, नवी पेठेतल्या एका दुकानातून १७ हजारांना घेतलेला. कामासाठी नाही, पोरांच्या अभ्यासासाठी नाही, टीव्ही बघताना जवळ असावा एवढ्याचसाठी घेतला. तेव्हा भाऊ म्हणाला होता, "समोर पन्नास इंची पडदा आहे, पाच स्पीकर आहेत, वूफर आहे. आता हातात अजून एक पडदा कशाला गं?" त्याचं उत्तर आता माझ्याकडे आहे. ते जरा लांब आहे, कारण त्यात टॅब थोडा आणि आमचं घर जास्त आहे.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, अशोक चौकाकडून आत आलं की. पुढे घर, मागे कारखाना. बाहेरच्या माणसाला कारखाना म्हटलं की धुराडं आठवतं, आमच्याकडे चार माग असलेली पत्र्याची शेडही कारखानाच. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बोलतो, वडलांना नायना आणि आईला अम्मा म्हणतो. नायनांनी त्या शेडमध्ये ३८ वर्षं टॉवेल विणले. तीन वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले, माग विकले आणि २२ फूट लांब, १४ फूट रुंद अशी शेड एकदम मोकळी झाली. भावाने पुण्यातल्या मित्राकडून जुना ५.१ रिसिव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज पाच स्पीकर आणि एका वूफरला वाटून देणारं यंत्र, आणि स्पीकरचा संच आणला. मी टॉवेल-चादरींची डिझाईनं कॉम्प्युटरवर काढून देते, त्यामुळे तारा आणि सेटिंगचं काम माझ्याकडे आलं.

टीव्ही लागला, सगळे जमले, वहिनीने पहिल्या दिवशी शेंगापोळ्या केल्या. आठवड्याभरात नायना उठून पुढच्या खोलीत जाऊन बसायला लागले.

"आवाज येतंय गं," ते म्हणायचे, "बोल कळंना."

मी आवाज वाढवायचे. मग ते कानावर हात ठेवायचे आणि उठायचे. मला वाटायचं, वय झालं, आता हौस राहिली नाही. हे वाटणं साफ चुकीचं होतं, आणि ते कळायला मला वर्ष लागलं याचं अजून वाईट वाटतं.

कानाची तपासणी केली तेव्हा ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आलेख समोर ठेवून समजावलं. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, आणि कारखान्यांसाठी आपल्याकडे आठ तासांची मर्यादाच ९० डेसिबलची आहे. धोट्याचा ठोका दिवसभर, वर्षानुवर्षं कानावर पडला की आधी मरतात त्या उंच स्वर पकडणाऱ्या पेशी. नायनांच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी रेघ विहिरीत उतरावी तशी खाली गेली होती. जाड, खालचे स्वर त्यांना व्यवस्थित ऐकू येतात. आ, ई, ऊ ऐकू येतात. पण स, श, त, फ, क ही व्यंजनं ज्या पट्टीत असतात तिथे त्यांना शांतता आहे. 'साप', 'ताप', 'काप' हे तिन्ही त्यांच्यासाठी एकच, 'आप'. आवाज येतो, बोल कळत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी अगदी अचूक सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट बाईंनी सांगितली ती घरातल्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज आपल्याइतकाच मोठा लागतो, कधी जास्तच. म्हणजे ऐकू येणं आणि सहन न होणं यांच्यामधली जागा अरुंद झालेली असते. आपण आवाज वाढवतो तेव्हा त्या अरुंद जागेतून त्यांना बाहेर ढकलत असतो. श्रवणयंत्र घेतलं, एका कानाला आहे. समोरासमोर बोलताना त्याचा उपयोग होतो. पण दहा फुटांवरच्या टीव्हीला ते पुरत नाही, कारण मधल्या खोलीचा घुमारासुद्धा ते तितक्याच इमानाने मोठा करतं.

म्हणून आधी खोली. टॅब नंतर.

सिमेंटच्या भिंती, शहाबादी फरशी, वर पत्रा. त्या शेडमध्ये टाळी वाजवली की टाळीच्या मागे शेपूट ऐकू यायचं. चांगल्या कानालासुद्धा तिथे शब्द एकमेकांवर चढायचे. भाऊ फोमच्या चौकटी मागवणार होता. मी म्हटलं, सोलापुरात राहून भिंतीला फोम लावायचा? ओळखीच्या कारखानदाराकडून सेकंडच्या चादरी आणल्या, म्हणजे एखादी तार तुटलेली, कडेला रंग लागलेला, अशा विकता न येणाऱ्या. मोराची नक्षी असलेल्या सहा चादरी दुहेरी घडी करून, भिंतीपासून दोन इंच सोडून, लाकडी पट्ट्यांवर टांगल्या. ती दोन इंचांची फट मुद्दाम ठेवली, कापड भिंतीला चिकटलेलं असलं तर कमी शोषतं. मागच्या भिंतीला जाड टर्किश टॉवेलचं कापड लावलं. वूफरच्या खालच्या गडगडाटाला याने काही होत नाही, तेवढं लक्षात घ्या. पण टाळीचं शेपूट गेलं. टीव्हीतली माणसं भिंतीतून बोलत होती ती तोंडातून बोलायला लागली.

यानंतर टॅब आला, आणि त्याचं पहिलं काम होतं रिसिव्हर चालवणं.

नेटवर्कला जोडता येणाऱ्या रिसिव्हरला बहुतेक कंपन्या मोफत अ‍ॅप देतात, यामाहा, डेनॉन, ऑन्क्यो सगळ्यांची आहेत. रिमोटवरून जे सेटिंग शोधायला चार मेनू उघडावे लागतात ते अ‍ॅपमध्ये बोटाखाली येतं. ५.१ मध्ये संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरमधून येतात, टीव्हीच्या खाली ठेवतो त्या सेंटरमधून. बाकीचे चार संगीत, गर्दी, पाऊस, गाड्या यांना. मी सगळ्यांचा आवाज तसाच ठेवून फक्त सेंटर ४ डेसिबलने वाढवला आणि त्याला थोडं वर तोंड करून नायनांच्या कानाच्या रेषेत आणलं. मग रात्रीचा मोड लावला. तो स्फोट आणि आरडाओरडा दाबतो, कुजबूज वर उचलतो. नावाने रात्रीचा असला तरी आमच्याकडे तो दिवसरात्र चालू असतो, कारण नायनांची ती अरुंद जागा त्याला बरोबर सापडते.

टॅबमध्ये आवाज मोजायचं एक मोफत अ‍ॅप घेतलं. रिसिव्हर प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीने खरखर सोडतो, त्या वेळी टॅब नायनांच्या खुर्चीवर कानाच्या उंचीला धरून आकडे बघितले. टॅबचा माइक काही प्रयोगशाळेतला नाही, त्याने दाखवलेला ७० खरोखर ७० असेलच असं नाही. पण एका स्पीकरची दुसऱ्याशी तुलना करायला तो पुरेसा आहे. उजवा मागचा स्पीकर डाव्यापेक्षा बराच जोरात निघाला, इतके दिवस कुणाला कळलंच नव्हतं. आणि सगळं बंद असताना, दुपारी, अ‍ॅपने ५५ च्या आसपास दाखवलं. शेजारचे माग. आमचे बंद झाले तरी शेजारचे चालूच आहेत. आम्हाला तो आवाज सवयीने ऐकूच येत नाही, पण नायनांना शब्द कळण्यात त्याचाही अडथळा होता. त्या बाजूच्या खिडकीला आता जाड पडदा आहे.

एवढं झालं आणि नायना बातम्यांना येऊन बसायला लागले. निम्मे शब्द मिळतात म्हणाले. उरलेल्या निम्म्यांसाठी मग ते अ‍ॅप मिळालं, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

लाइव्ह ट्रान्स्क्राइब. गूगलचं आहे, २०१९ साली आलं, अमेरिकेतल्या गॅलौडेट या कर्णबधिरांसाठीच्या विद्यापीठाच्या सोबतीने केलेलं. मोफत आहे. समोर जे बोललं जातं ते माइकमधून ऐकून पडद्यावर अक्षरांत लिहून दाखवतं. मराठी आहे, तेलुगू आहे, आणि एकाच वेळी दोन भाषा निवडून ठेवता येतात, खालच्या बटणाने एकीवरून दुसरीवर जाता येतं. आमच्यासारख्या घराला हे केवढं सोयीचं आहे ते सोलापूरकरांना सांगायला नको. इथे एका गल्लीत तेलुगू, मराठी, कन्नड आणि दख्खनी चालते.

एक घोटाळा होऊ देऊ नका. अँड्रॉइडमध्ये लाइव्ह कॅप्शन नावाची वेगळी सोय असते, ती टॅबमध्येच चाललेल्या व्हिडिओला अक्षरं लावते. आमच्या टॅबवर त्यात मराठी आली नाही. आपल्याला टीव्हीचं बोलणं हवंय, त्याला लाइव्ह ट्रान्स्क्राइब.

पहिल्या दिवशी निराशा झाली. टॅब नायनांच्या मांडीवर, टीव्ही दहा फूट लांब, मध्ये पंखा, शेजारी पुतण्याची बडबड. अक्षरं आली, पण कुणाची कोण कळेना. पुतण्याचं "आत्या, भूक लागली" हे मंत्रालयातल्या बातमीच्या मधोमध. मग सेटिंगमध्ये सापडलं की बाहेरचा माइक जोडता येतो. कॉलरला लावायचा छोटा माइक, लांब वायरवाला, चारशे रुपयांना मिळाला. तो सेंटर स्पीकरच्या जाळीसमोर बोटभर अंतरावर चिकटवला, वायर भिंतीच्या कडेने खुर्चीपर्यंत आणली आणि टॅबला लावली. टॅबला हेडफोनचं भोक आहे की नाही हे घेताना बघा असं मी आता प्रत्येकाला सांगते. नवीन बऱ्याच टॅबना ते नसतं.

त्या संध्याकाळी सह्याद्रीच्या बातम्या लावल्या. वृत्तनिवेदिका बोलली, आणि दीडेक सेकंदाने तेच वाक्य टॅबवर उमटलं. सगळ्यात मोठ्या अक्षरांत, काळ्यावर पांढरं. नायना वर बघायचे, खाली बघायचे, परत वर. उजनीचं पाणी, धरणात किती टक्के, हे सगळं त्यांनी वाचलं. मग एक अक्षरही न बोलता टॅबच्या काचेवर अंगठा फिरवला. कापडाचा पोत बघताना फिरवतात तसा.

आता खरं मूल्यमापन, कारण कौतुक ऐकून कुणी घेतलं आणि फसलं असं व्हायला नको.

एक माणूस, स्वच्छ बोलणारा, मागे संगीत नाही, असं असेल तर दहातले आठ-नऊ शब्द बरोबर येतात. बातम्या, प्रवचन, मुलाखत, पाककृती, शेतीचे कार्यक्रम, हे सगळं उत्तम. संख्या चांगल्या येतात. गावांची नावं कधी बिघडतात, कन्ना चौकाचा 'कान्हा चौक' झालेला मी दोनदा पाहिला. चर्चेचे कार्यक्रम, जिथे चार माणसं एकदम बोलतात, तिथे सगळ्यांचं एकच लांबलचक वाक्य होतं आणि कोण काय म्हणालं ते कळत नाही. मालिकांमध्ये पार्श्वसंगीत वाढलं की रेघ थांबते. गाण्यांना लावूच नका. तेलुगूत छापील भाषा छान येते, पण तेलंगणी बोली, जी आमची आहे, ती त्याला पुष्कळदा चकवते. सिनेमाला हे साधन तोकडं आहे. ओटीटीवर उपशीर्षकं असतील तर ती आधी लावा, माणसाने केलेली उपशीर्षकं केव्हाही सरस. अडचण अशी की मराठी सिनेमालासुद्धा बहुतेक वेळा इंग्रजीच असतात, आणि नायना मराठी आणि तेलुगू वाचतात, इंग्रजी नाही. मराठी माणसासाठी केलेल्या सिनेमाला मराठी अक्षरं का लावत नाहीत, याचा मला मनापासून राग आहे. कान गेलेली माणसं फक्त इंग्रजी शाळेत गेलेली नसतात.

टॅब ठेवायचा कुठे यावरही वेळ गेला. मी आधी तो टीव्हीच्या खाली लावला, म्हणजे मान वरखाली करायला नको. पण दहा फुटांवरून ११ इंची पडद्यावरची अक्षरं वाचवत नाहीत. मग मांडीवर. सरळ ठेवला तर पंख्याखालच्या ट्यूबलाइटची चमक काचेवर. शेवटी अम्माने जाड टॉवेलची त्रिकोणी घडी शिवून दिली, त्यावर टॅब तिरका बसतो. चांगल्या स्टँडपेक्षा तीच बरी वाटते. नायनांनी विणलेला टॉवेल आहे तो, शेवटच्या ताण्यातला.

बाकीच्या उपयोगांबद्दल थोडक्यात. गूगल टीव्ही अ‍ॅपमधला रिमोट चांगला आहे. टीव्हीवर नाव शोधताना बाणांनी एकेक अक्षर वेचत बसण्यापेक्षा टॅबवर टाइप करणं किंवा बोलणं कितीतरी सोपं. टीव्ही आणि टॅब एकाच वाय-फायवर पाहिजेत, एवढीच अट. यूट्यूब टीव्हीला जोडलं की टॅबवरून पुढची यादी लावता येते, अम्मा आपली तेलुगू प्रवचनं एकामागोमाग लावून ठेवते आणि शेंगा सोलते. प्राइम व्हिडिओतलं एक्स-रे वहिनीला आवडतं, पडद्यावरचा नट कोण ते लगेच कळतं.

कास्ट आणि मिररिंग यांतला फरक मात्र समजून घ्या, आमच्याकडे यावरून बरीच चिडचिड झाली. कास्ट केलं की टॅब टीव्हीला फक्त सांगतो, हा व्हिडिओ लाव. पुढे टीव्ही स्वतः इंटरनेटवरून घेतो, टॅब मोकळा होतो, दुसरं अ‍ॅप उघडा काही बिघडत नाही. मिररिंगमध्ये टॅबचा अख्खा पडदा पळापळाला पाठवला जातो. बॅटरी जाते, टॅब तापतो, चित्र अडखळतं. पुतण्या सुरुवातीला सगळं मिरर करायचा आणि वाय-फायला शिव्या द्यायचा. तसंच स्पीकरला ब्लूटूथने आवाज पाठवू नका, ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टातून रिसिव्हरला एक एचडीएमआय केबल टाकली की काम होतं.

क्रिकेट. आम्ही मॅच इंटरनेटवरून बघतो, शेजारी डिशवर. त्यांच्याकडे आरडाओरडा होतो तेव्हा आमच्याकडे बोलर अजून रनअपला असतो. टॅबवर क्रिकबझ चालू असेल तर विकेटचा निरोप चित्राच्या आधी येऊन पडतो. मॅचच्या वेळी सूचना बंद ठेवायच्या, असा आता घरात नियमच आहे. नायना मॅच बघतात ती अक्षरांशिवाय, फलकावरच्या धावा पुरतात त्यांना.

त्रास काय झाला तेही सांगते. लाईट गेली आणि आली की राउटर रिसिव्हरला नवा पत्ता द्यायचा आणि अ‍ॅपला रिसिव्हर सापडायचा नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये रिसिव्हरला एक कायमचा पत्ता राखून ठेवला, तेव्हापासून तो त्रास नाही. राउटरला छोटा यूपीएस लावला. रिसिव्हरमध्ये नेटवर्क स्टँडबाय चालू ठेवावं लागतं, नाहीतर अ‍ॅपमधून तो सुरू होत नाही. वाय-फायचं ५ गिगाहर्ट्झ पुढच्या घरातून शेडपर्यंत पोचतच नव्हतं, मधे दीड फुटाची जुनी भिंत आहे. २.४ पोचत होतं पण गल्लीतल्या सगळ्यांचं त्याच पट्टीत. शेवटी केबल ओढून दुसरा राउटर शेडमध्येच बसवला. लाइव्ह ट्रान्स्क्राइबला आमच्याकडे इंटरनेट लागतं, ते अडखळलं की अक्षरं अडखळतात, त्यामुळे हा खर्च टाळण्यासारखा नाही.

ऊन ही सोलापूरची खास अडचण. एप्रिल-मे मध्ये ४३ अंश, त्यात पत्र्याची शेड. दुपारी चार्जिंगला लावलेला टॅब तापून चार्ज व्हायचं थांबायचा आणि तसा निरोप दाखवायचा. आता चार्जिंग पहाटे किंवा रात्री, आणि बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे न भरण्याचं सेटिंग चालू. दिवसभर वायरीला टांगून ठेवायचा मोह टाळा, विशेषतः आपल्या हवेत. सुताचा बारीक तूस या भागात हवेतच असतो, तो रिसिव्हरच्या जाळीत आणि टॅबच्या चार्जिंगच्या भोकात जाऊन बसतो. पंधरवड्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशने साफ करते. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस कोसळला की बोलणं सोडा, वूफरही ऐकू येत नाही. तेव्हा टीव्ही बंद आणि कांदाभजी.

लाइव्ह ट्रान्स्क्राइबच्याच आत आवाजाच्या सूचनांची सोय आहे. दार ठोठावलं, बेल वाजली, कुत्रं भुंकलं, नळाचं पाणी वाहायला लागलं की पडद्यावर निरोप येतो. पाण्याचा दिवस असतो त्या पहाटे अम्मा टॅब हौदापाशी ठेवते. टीव्ही चालू असताना मात्र ती बंद ठेवा, नाहीतर मालिकेतलं दार वाजलं तरी नायना उठून दाराशी जातात.

जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांची यात्रा आली. नायना दरवर्षी सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला जायचे, पांढरी बाराबंदी घालून, गेली दोन वर्षं गुडघ्यांमुळे जमलं नाही. यंदा थेट प्रक्षेपण टीव्हीवर लावलं, सगळे शेडमध्ये बसलो. सातही नंदीध्वज पडद्यावर आले, हलग्या सुरू झाल्या, हजारो लोक एकदम. टॅबने त्या गर्दीपुढे हात टेकले, एकही धड शब्द येईना. मी माइक मागे-पुढे करायला लागले तर नायनांनी हाताने थांबवलं. हलगीचा ठोका वूफरमधून फरशीत उतरत होता आणि त्यांनी चपला काढून तळवे फरशीवर टेकवले होते. "बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" ही आरोळी झाली ती त्यांनी लोकांच्या बरोबरीने दिली, अर्ध्या क्षणाचाही फरक न पडता. तिथे वाचायचं काही नव्हतंच, ते सगळं त्यांना पाठ आहे.

कुणी घ्यावं? घरात कमी ऐकू येणारं माणूस असेल, त्याला वाचता येत असेल आणि डोळे बरे असतील, तर जरूर घ्यावं. महागडा लागत नाही, पण पडदा १० इंचांच्या खाली नको. आधी कान तपासून घ्या, श्रवणयंत्र लागत असेल तर ते पहिलं, टॅब त्याच्या जागी चालत नाही. होम थिएटर नसेल तर टीव्हीला निदान सेंटरचा वेगळा आवाज देणारा साउंडबार बघा, आणि भिंतींना कापड लावा. फक्त टीव्हीसमोर दुसरा पडदा म्हणून, स्कोअर बघायला आणि नटाचं नाव शोधायला घेणार असाल, तर हातातला फोन पुरे आहे.

एक गोष्ट राहिली. बोललेलं लिहून उमटतं ते अ‍ॅपमध्ये तीन दिवस ठेवण्याची सोय आहे, आणि मी ती चालू केली होती, कुठे किती चुका होतात ते बघायला. महिन्यापूर्वी एका दुपारी ती नोंद वर सरकवत गेले. सकाळच्या बातम्या, बाजारभाव, मग अकरानंतर टीव्ही बंद असताना तेलुगूतल्या ओळी. तुटक, अर्ध्या चुकलेल्या. "चाय पेट्टाल्ना?" चहा ठेवू का. मग गुडघ्याचं काहीतरी. मग माझ्या मामाच्या घरच्या लग्नाची लांब हकीकत, तीन पडदे भरून. माइकची वायर काढलेली होती, भाषेचं बटण मराठीवरून तेलुगूवर होतं. अम्मा नायनांच्या शेजारी बसून बोलत होती आणि ते मांडीवर वाचत होते. कधीपासून चाललंय विचारलं तर अम्मा म्हणाली, दिवाळीपासून.

नोंद ठेवायचं सेटिंग मी त्याच वेळी बंद केलं. माइकची वायर आता काढायला सोपी जावी म्हणून खुर्चीच्या हाताला एक खिळा मारून दिला आहे, टीव्ही बंद केला की नायना ती तिथे गुंडाळून ठेवतात.